बोरमाळेच्या पोटात

एक ग्रॅम सोन्याचा चौकोनी ठोकळा केला तर त्याची बाजू जेमतेम पावणेचार मिलिमीटर भरते. ज्वारीचा एक टपोरा दाणा, बस. २०२५ साली दहा ग्रॅमचा भाव लाखापुढे गेला, तेव्हापासून त्या दाण्याला दहा हजारांच्या वर मोजावे लागतात. आणि तरीही लग्नसराईत पांढुर्ण्याच्या किंवा सौंसरच्या सराफ्यात जाऊन उभं राहावं. काचेआड ठुश्या, एकदाण्या, बोरमाळा, मोहनमाळा, बोटभर रुंदीच्या पाटल्या, कमरेपर्यंत येणारे हार. सगळं पिवळंजर्द. यातल्या कितीतरी दागिन्यांत त्या दाण्याच्या दहाव्या हिश्श्याएवढंही सोनं नसतं, आणि ज्यांत भरपूर असतं तेही आतून पोकळ असतात.

इतकंसं सोनं एवढा गळा कसं व्यापतं, या प्रश्नाच्या मागे लागलं की माणूस आधी झाडावरच्या एका किड्यापाशी पोचतो, मग विजेपाशी, आणि तिथून थेट आइन्स्टाइनच्या दारात.

पांढुर्णा ऑक्टोबर २०२३ मध्ये जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. त्याआधी दोन्ही छिंदवाड्यात होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला, म्हणून इथे दुकानावरची पाटी हिंदीत असते आणि भाव पाडून मागणं मराठीत चालतं. नागपूर सुमारे शंभर किलोमीटरवर. दागिन्याची नवी चाल तिकडून येते. हा मुलूख संत्र्याचा आहे. आंबिया आणि मृग असे दोन बहार, आणि बागेचा पैसा हाती आला की घरातल्या लग्नाचं सोनं ठरतं. "लाखेचं आहे का भरीव?" हा इथल्या गिऱ्हाइकाचा पहिला सवाल. त्या सवालातच निम्मी विद्या आहे.

बोरमाळ घ्या. बोराएवढे सोन्याचे मणी ओवलेली माळ. हे मणी भरीव केले तर माळ कित्येक तोळ्यांची होईल आणि मान दुखेल. म्हणून कारागीर सोन्याचा पातळ पत्रा काढतो, त्याच्या गोल टिकल्या कापतो, खळगे असलेल्या पितळी ठोकळ्यावर ठेवून ठोकत ठोकत त्यांच्या अर्ध्या वाट्या करतो. दोन वाट्या तोंडाला तोंड लावून, टाकणखार लावून, फुंकणीच्या ज्योतीत डाक देऊन जोडल्या की मणी तयार. पण हा मणी अंगठ्याने दाबला तरी चेपेल. म्हणून त्याच्या भोकातून आत पातळ केलेली लाख भरतात. लाख थंड झाली की दगडासारखी घट्ट बसते आणि कागदासारख्या पत्र्याला आतून आधार देते. मग तापलेल्या तारेने तिच्यातून दोऱ्यासाठी वाट काढली की झालं. ठुशीचे मणी, एकदाणीचे मणी, कोल्हापुरी साजातली कितीतरी पानं यांच्या पोटात हेच असतं.

कामाचा क्रम इथे चुकवून चालत नाही. लाख ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडते. सोन्याला डाक द्यायला सात-आठशे अंश लागतात. म्हणून आधी आग, मग लाख. लाखेचा दागिना तुटून दुरुस्तीला आला तर आधी आतली लाख काढायची, जोड द्यायचा, आणि पुन्हा भरायची. दुरुस्तीची मजुरी ऐकून बायका नाराज होतात तेव्हा त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. एका जोडासाठी कारागिराला अख्खा मणी रिकामा करावा लागतो.

आता ही लाख येते कुठून? 'केरिया लॅका' नावाचा एक किडा आहे. त्याचं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहून फार मोठं नसतं. हजारोंच्या संख्येने ही पिल्लं कोवळ्या फांदीवर पसरतात, साल टोचून रस पिऊ लागतात आणि स्वतःभोवती राळेसारखा पदार्थ पाझरत राहतात. मादी एकदा बसली की उठत नाही. तिचे पायसुद्धा गळून जातात आणि सारं आयुष्य ती आपणच बांधलेल्या कोठडीत काढते. शेजारशेजारच्या कोठड्या एकमेकींत मिसळून फांदीवर तपकिरी कवच धरतं. ते खरवडलं की लाख. हिंदुस्थानात लाखेचा अभ्यास इतका महत्त्वाचा मानला गेला की १९२४ साली रांचीजवळ नामकुमला त्यासाठी स्वतंत्र संशोधन संस्था निघाली, आणि ती आजही चालू आहे.

हा किडा कुठल्याही झाडावर राहत नाही. त्याची आवडती झाडं तीन: कुसुम, पळस आणि बोर. सातपुड्याच्या या पट्ट्यात पळस आणि बोरी बांधाबांधावर आहेत. पहिल्यांदा हे नीट लक्षात आलं तेव्हा मी हातातलं पुस्तक मिटून बराच वेळ बसून होतो. बोराच्या आकाराचा सोन्याचा मणी, आणि त्याच्या पोटात बोरीच्याच झाडावर एका किड्याने पाझरलेली राळ! ज्या कुणी पहिली बोरमाळ घडवली त्याने हा योग जुळवून आणला असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. पण दागिना वरून ज्या फळाची नक्कल करतो, त्याच्या झाडाचा अंश खरोखर आत असू शकतो, ही गोष्ट मला सोन्याहून मौल्यवान वाटते.

पळसाचं तर इथे वेगळंच स्थान आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि पांढुर्णा व सावरगाव अशा दोन काठांच्या लोकांत गोटमार होते. दगड सुटतात, माणसं रक्तबंबाळ होतात, जीवही गेले आहेत. दंतकथा सांगते की या काठचा मुलगा त्या काठच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत होता. जिच्या लग्नाला दोन गावं आडवी आली, तिच्या नावाने आजही पळस उभा राहतो, आणि त्याच जातीच्या झाडावरची लाख दरवर्षी हजारो नवऱ्यामुलींच्या गळ्यातल्या मण्यांत भरली जाते.

लाखेला हलकं समजणारी माणसं भेटतात. "आत काय, लाख!" असं म्हणतात. मला ते पटत नाही. वजन करताना लाखेचं वजन सोन्यात धरलं तर ती फसवणूक आहे, यात शंका नाही. बिलावर निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहून घ्यावं. पण थोड्या सोन्याला आकार, भरीवपणा, टिकाऊपणा देणं ही आपल्याकडची मोठी कारागिरी आहे. मराठी दागिन्याचं रूपच तिने घडवलं. भरीव सोन्याची माळ श्रीमंताला साधते. लाखेच्या मण्याने ती हौस दोन एकरवाल्याच्या घरात आणली.

आणि सोनं या कामाला तयारच असतं. धातूंमध्ये इतकं सोशिक दुसरं कुणी नाही. एक ग्रॅम सोनं ठोकत गेलं तर त्याचा जवळजवळ एक चौरस मीटर वर्ख होतो. ओढलं तर दोन किलोमीटरहून लांब तार निघते. सोन्याचे अणू एकमेकांना सोडत नाहीत, फक्त एकमेकांवरून सरकतात, म्हणून ते फुटायच्या ऐवजी पसरतं. असा वर्ख माणसाच्या केसाच्या शेकडो पट पातळ असतो. तो उजेडासमोर धरला तर त्यातून पलीकडचा प्रकाश येतो आणि तो पिवळा दिसत नाही, हिरवट निळा दिसतो. पिवळा भाग सोन्याने परतवून लावलेला असतो, उरलेला आरपार जातो. मायकेल फॅराडेने १८५७ मध्ये अशाच वर्खांवर प्रकाश टाकून पुष्कळ प्रयोग केले होते.

मग सोनं मुळात पिवळंच का? त्याची सख्खी शेजारीण चांदी पांढरी आहे, प्लॅटिनम पांढरं आहे, लोखंड, जस्त, कथील सगळी करडी-पांढरी. इथे आइन्स्टाइन येतो. सोन्याच्या अणुगर्भात ७९ प्रोटॉन असतात. त्यांची ओढ एवढी जबर की गर्भाजवळचे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरतात. इतक्या वेगाला सापेक्षतेचे नियम लागू होतात: इलेक्ट्रॉन जड झाल्यासारखे वागतात, त्यांच्या कक्षा आकसतात, आणि त्याचा धक्का बाहेरच्या कक्षांपर्यंत पोचतो. परिणाम असा की इलेक्ट्रॉनला एका पातळीवरून वर उडी मारायला लागणारी ऊर्जा कमी होते, आणि ती नेमकी निळ्या प्रकाशाच्या ऊर्जेइतकी येते. सोनं निळा प्रकाश गिळतं. पांढऱ्यातून निळा गेला की उरतो पिवळा. चांदीत ४७ प्रोटॉन. तिला हीच उडी मारायला अतिनील किरण लागतात, ते आपल्या डोळ्यांना दिसतच नाहीत, म्हणून चांदी सगळा दिसणारा प्रकाश परतवते आणि पांढरी राहते. हळदीच्या अंगावर पिवळं सोनं उठून दिसतं असं आजी म्हणते, तेव्हा ती सापेक्षतावादाचाच एक परिणाम डोळ्यांनी पाहत असते.

हे सोनं पृथ्वीवर तयार झालेलं नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या लहरी इथल्या उपकरणांनी टिपल्या. ती टक्कर सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षं दूर झाली होती, आणि तिच्या उजेडात सोन्यासारखी जड मूलद्रव्यं नव्याने बनत असल्याच्या खुणा सापडल्या. तसल्याच कुठल्या तरी आघातातला ऐवज सूर्यमाला बनताना इथे आला. माणसाने आजवर खणून काढलेलं सगळं सोनं एकत्र वितळवलं तर बावीस-तेवीस मीटर बाजूचा एकच ठोकळा होईल. राजवाडे, देवळं, बँका, लॉकर आणि सगळ्या जगातल्या बायकांचे गळे मिळून एवढंच.

त्यामुळे ते पुरवून वापरायचं. त्याची आजची तऱ्हा म्हणजे 'एक ग्रॅम'.

पांढुर्ण्यात, सौंसरात, नागपूरच्या इतवारीत, कुठेही 'एक ग्रॅम गोल्ड' अशी पाटी दिसते. नावाचा अर्थ शब्दशः घेऊ नये. दागिना असतो तांब्याचा किंवा पितळेचा, यंत्राच्या ठशाखाली दाबून काढलेला. तो घासूनपुसून, तार बांधून टाकीत सोडतात. टाकीत पोटॅशियम गोल्ड सायनाइडचं पाणी असतं, आणि त्यात सोनं विरघळलेलं. ते जहरी आहे, म्हणून हे काम दाटीवाटीच्या खोलीत, मोकळ्या हाताने करणाऱ्या पोरांची मला काळजी वाटते. थोड्या व्होल्टचा प्रवाह सोडला की पाण्यातलं सोनं दागिन्यावर येऊन बसतं. लुइजी ब्रुन्यातेल्ली या इटालियन माणसाने १८०५ साली हे पहिल्यांदा करून दाखवलं, आणि १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन चुलतभावांनी पेटंट घेऊन त्याचा कारखाना केला. त्यापूर्वी मुलामा द्यायचा तर सोनं पाऱ्यात कालवून लावायचं आणि पारा आगीवर उडवायचा; त्या वाफेने कारागिरांची आयुष्यं खाल्ली.

हिशेब करून पाहा. एका हाराचा पृष्ठभाग शंभर चौरस सेंटिमीटर धरला आणि थर अर्ध्या मायक्रॉनचा दिला, तर सोनं लागतं एक दशांश ग्रॅमहूनही कमी. अर्धा मायक्रॉन म्हणजे एकावर एक बसलेले सोन्याचे सुमारे दोन हजार अणू. एवढ्या पातळ पापुद्र्यावरून परतणारा प्रकाश अस्सल सोन्याचाच असतो, कारण तो आहेच सोन्याचा. रंगात खोट काढायला जागा नाही. खोट निघते ती काळाने. खालचं तांबं हळूहळू थरातून वर झिरपतं आणि हवेत काळं पडतं. घाम आणि अत्तर त्याला मदत करतात. म्हणून चांगले कारागीर मध्ये निकेलचा एक थर देतात.

या दागिन्यांना नकली म्हणून नाक मुरडणं मला अन्यायाचं वाटतं. एक ग्रॅमचा हार घेणारी बाई कुणाला फसवत नसते. मांडवातल्या सगळ्यांना तो काय आहे ते ठाऊक असतं, तिच्या जावेने त्याच दुकानातून घेतलेला असतो. खरं सोनं कुठे हवं याची तिला पक्की जाण आहे. मंगळसूत्राच्या वाट्या, किंवा वऱ्हाडी चालीचं डोरलं, खरं हवं, मग ते गुंजभर का असेना. कानातलं बहुतेक खरंच. हार, कंबरपट्टा, बाजूबंद एक ग्रॅमचे चालतात. म्हणजे एकाच अंगावर दोन हिशेब असतात: सौभाग्याचा वेगळा आणि हौसेचा वेगळा. अडीनडीला गहाण पडतो तो पहिला. फोटोत मिरवतो तो दुसरा.

आणखी एक जुना नियम अजून टिकून आहे. सोनं कमरेखाली घालत नाहीत. ते लक्ष्मीचं, त्याला पाय लागायचा नाही. म्हणून जोडवी, मासोळ्या, तोरड्या, वाळे चांदीचे. चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते आणि घासली की पुन्हा उजळते. सोनं हवेला दाद देत नाही. ज्याला डाग लागत नाही ते वर, ज्याला लागतो ते खाली, ही वाटणी डोळ्यांनी पाहून झाली असेल असं मला वाटतं. पोळ्याच्या दिवशी धातूंची ही उतरंड गोठ्यापर्यंत जाते. बैलाच्या शिंगांना बेगड, टोकांना पितळी शेंब्या, गळ्यात घुंगरमाळ. वर्षभर नांगर ओढणाऱ्या जनावरालाही एक दिवस दागिना असतो. त्या दिवशी पितळेची किंमत कुणी विचारत नाही.

पितळेची खरी जादू बघायची तर शेजारच्या बैतूल जिल्ह्यात जावं. तिथले भरेवा कारागीर मेण सांडून पितळ ओततात. मातीचा गाभा, त्यावर मेणाच्या दोऱ्यांनी काढलेलं अंग, दागिने, नक्षी. वरून पुन्हा माती. भाजलं की मेण वितळून निघून जातं आणि त्याच्या पोकळीत पितळ शिरतं. साचा फोडल्याशिवाय मूर्ती निघत नाही, म्हणून एका साच्याची एकच मूर्ती, तशी दुसरी नाही. मोहेंजोदडोची नर्तकी याच रीतीने ओतलेली आहे. आणि आज शहरातल्या कारखान्यात संगणकावर आखलेली अंगठी यंत्र मेणात छापतं, तिच्यावर प्लास्टरचा साचा करतात, मेण जाळून जागेवर सोनं ओततात. साडेचार हजार वर्षांनंतरही मेण आपली जागा धरून आहे.

शुद्धतेचा प्रश्न मात्र सरकारने वारंवार हाताळला. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या काळात सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले: नवा दागिना चौदा कॅरेटच्या वर करायचा नाही. हजारो सोनारांची शेगडी थंड झाली. लोकांनी चौदा कॅरेट स्वीकारलं नाही. ती अट पुढे काढावी लागली. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा त्यानंतरही १९९० पर्यंत चालला. पुढे जून २०२१ मध्ये सुरुवातीला देशातल्या २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक लागतो. आणि जुलै २०२५ पासून नऊ कॅरेटलाही, म्हणजे शंभरात साडेसदतीस भाग सोन्यालाही, हॉलमार्क मिळू लागला. साठ वर्षांपूर्वी हुकूम काढून जे जमलं नाही, ते भावाने करून दाखवण्याची वेळ आली आहे.

शुद्धता बघण्याचं यंत्रही थक्क करणारं आहे. त्यातून क्ष-किरण दागिन्यावर सोडतात. ते अणूच्या आतल्या कक्षेतला एखादा इलेक्ट्रॉन उडवतात, बाहेरचा त्याच्या जागी उतरतो आणि उतरताना स्वतःचा क्ष-किरण सोडतो. सोन्याचा वेगळा, तांब्याचा वेगळा, चांदीचा वेगळा. मिनिटाभरात कशात काय किती ते पडद्यावर येतं. पण हे यंत्र फक्त वरचे काही मायक्रॉन पाहतं. पोटात काय आहे ते त्याला दिसत नाही, आणि म्हणून पक्का निकाल हवा तर आजही थोडं सोनं आगीतच घालावं लागतं.

सराफ्यातलं सोनं सहसा हरवत नाही. मोड वितळते आणि नवा दागिना होते. कानशीने घासताना उडालेला कणसुद्धा वाया जात नाही. सोनझारी किंवा झारेकरी म्हणून ओळखले जाणारे लोक सराफ्यातला केर आणि गटारातला गाळ विकत घेतात, पाण्यात हलवत हलवत माती सोडून देतात, तळाशी उरलेलं पाऱ्याने गोळा करतात. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जे मोठं काम छापलं, त्यात नद्यांच्या वाळूतून सोनं धुणाऱ्या सोनझारांची नोंद आहे. नदी जाऊन गटार आलं, हाताची लय तीच राहिली. मात्र एक ग्रॅमच्या हारावरचं सोनं त्यांनाही गाठता येत नाही. ते पदराच्या घर्षणाने, घामाने, दोन-चार अणू करून निघून जातं आणि कुठल्याच केरात जमत नाही. वर्ष-दोन वर्षांत मण्यांच्या उंचवट्यांवर तांबूस रंग डोकावू लागतो. मग हार दुकानात परत येतो, टाकीत उतरतो, आणि वीस मिनिटांत पुन्हा अंगभर सोनं घेऊन बाहेर पडतो, कारण पुढच्या आठवड्यात धाकट्या नणंदेची हळद असते.